एक गणपती, सात सह्या : खाणपट्ट्यातल्या एका वाटणीचं प्रकरण

मी गोव्यात, डिचोलीला वकिली करतो. वाटण्या हे रोजचंच काम, आणि बहुतेक वाटण्यांबद्दल लिहावं असं काही नसतं. हे प्रकरण लिहितोय ते घरच्यांना विचारून. गाव, आडनाव, ग्रामदैवत वगळलं आहे आणि ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदलले आहेत. माझ्या चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

घर जुनं, मातीच्या भिंतींचं. मधे राजांगण म्हणजे आतला चौक, त्याला लागून देवाची खोली. मागे पोफळी-नारळाचं लहान कुळागर आणि डोंगराच्या उतारावर काजूची बागायत. वडील खाणीवर मुकादम होते. घरातलं बोलणं मराठी-कोकणी असं मिसळलेलं. पण आरत्या, भजन, वर्तमानपत्र आणि वडिलांचा हिशेब, सगळं मराठीत. मुलं तीन : थोरला, मग बहीण, मग धाकटा.

थोरल्याने २०१० साली कर्ज काढून दोन टिप्पर घेतले. तेव्हा खनिज चीनला जात होतं, आणि आमच्या तालुक्यात ज्याच्या दारात ट्रक नाही तो खुळा, असे ते दिवस. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली, तोवर एक टिप्पर विकून झाला होता. दुसऱ्याचं कर्ज वडील जामीन राहून, काजूची बागायत तारण ठेवून नव्याने बांधून घेतलं. मग ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द झालं आणि १६ मार्चपासून खाणी परत बंद. त्या दिवसापासून टिप्पर अंगणात.

धाकटा पणजीत सरकारी नोकरीला, पर्वरीला फ्लॅट. बहीण पेडण्यात दिलेली. वडील २०१९ च्या सुरुवातीला गेले. आई थोरल्याकडे, म्हणजे स्वतःच्याच घरी.

प्रश्न काय होता

धाकटा माझ्याकडे जून २०२२ मध्ये आला. बागायतीवरच्या थकबाकीची नोटीस वडिलांचा वारस म्हणून त्यालाही आली होती. ती त्याने प्लॅस्टिकच्या फोल्डरात घालून आणली होती. म्हणणं सरळ होतं : घराची आणि जमिनीची निम्मी वाटणी करा, आणि दादाचं कर्ज दादाच्या निम्म्यातून वजा करा. भावाभावांचं बोलणं वर्षभर बंद होतं. निरोप वहिनींच्या फोनवरून जायचे.

त्याला आधी आकडे समजावले. गोव्यात नवराबायकोची मालमत्ता सहसा दोघांची समाईक असते. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून ते तसंच चालत आलं आहे. उत्तराधिकाराचा आपला नवा कायदा २०१२ चा, लागू झाला २०१६ च्या अखेरीस. त्यातही मूळ हिशेब बदललेला नाही. म्हणजे निम्मं आईचं, ते ती जिवंत असेपर्यंत तिचंच. वडिलांचं निम्मं तीन मुलांना सारखं, मुलगी धरून. प्रत्येकाच्या वाट्याला एकूण मालमत्तेचा सहावा हिस्सा. दोघे भाऊ वर्षभर निम्म्या-निम्म्यासाठी अबोला धरून बसले होते आणि त्यातलं निम्मं आतल्या खोलीत बसून जपमाळ ओढत होतं.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ताई काही मागणार नाही."

मी मान हलवली. माझी पहिली चूक ती.

जाता जाता त्याने आणखी एक सांगितलं. यंदा चवथीला तो पर्वरीला स्वतःचा गणपती आणणार होता. गोव्याबाहेरच्या वाचकाला यात फारसं काही वाटणार नाही. आमच्याकडे भाऊ मुंबईत असोत की कुवेतात, गणपती मूळ घरात, एकच. खर्चाची पाळी ठरलेली असते, चवथीला सगळे तिथेच येतात. चूल वेगळी झाली तरी लोक फारसं मनावर घेत नाहीत. पण गणपती वेगळा झाला की वाड्यावर कळतं, हे घर फुटलं. आणि एकदा आणला की दरवर्षी आणावा लागतो, मागे फिरणं नाही.

पुढच्या रविवारी मी घरी गेलो ते आईला भेटायला. तिला पर्वरीच्या गणपतीचं कळलं होतं. "गणपती वेगळा केला तर मग कागद कशाला करता?" ती म्हणाली. "कागदाने वाटायचं राहिलं काय?"

अंगणात टिप्पर होता. पुढच्या दोन्ही चाकांभोवती गुडघाभर गवत. थोरला केबिनमध्ये चढला होता. मला वाटलं गाडी सुरू करून बघतोय. तो डॅशबोर्डवरच्या देवीच्या तसबिरीला उदबत्ती लावत होता. दोन बोटांनी काचेवरची धूळ पुसली, उदबत्ती खोचली, स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केला आणि खाली उतरला. वहिनी म्हणाल्या, रोज सकाळी करतात. कधी कधी रात्री तिथेच झोपतात.

ती भक्ती आहे म्हणून मी सोडून दिलं. ती दुसरी चूक.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय कोर्टातल्या इन्व्हेंटरीचा. वारस, मालमत्ता, कर्ज यांची यादी होते, मग वारस आपापसात बोली लावतात. ज्याची बोली वरचढ तो ती मालमत्ता घेतो आणि इतरांना त्यांच्या वाट्याचे पैसे देतो. धाकट्याला हेच हवं होतं. कायद्याने चोख, कोणाची मनधरणी नको. पण बोलीत रोख असलेलाच जिंकतो. थोरल्याकडे रोख नव्हती, घर त्याच्या हातून गेलंच असतं. शिवाय यादी द्यायला कुटुंबप्रमुख म्हणून पहिलं नाव आईचं लागतं. सत्तरी उलटलेल्या बाईला शपथेवर उभं करून विचारायचं, कोणत्या मुलाचं किती देणं.

दुसरा, सगळं विकून पैसे वाटणे. बहिणीच्या नवऱ्याचा कल थोडा तिकडे. त्याचंही चुकत नव्हतं. मोपाच्या विमानतळामुळे पेडण्यात जमिनीचे भाव कसे चढले हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. पण आईचं निम्मं तिच्या मर्जीशिवाय विकता येत नाही आणि तिची मर्जी नव्हती.

तिसरा, आपसात वाटणीपत्र. स्वस्त, लवकर होणारं. अट एकच : सगळ्यांच्या सह्या. आई, तीन मुलं आणि तिघांचे जोडीदार, मिळून सात. एक अडली की सगळं अडलं.

चौथा थोरल्याने सुचवला. ग्रामदेवीला कौल लावायचा आणि तिने सांगितलं तशी वाटणी करायची. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात, भट गाऱ्हाणं घालतो, उजवी पाकळी पडली तर होकार. धाकटा भडकला. "माझा वाटा पाकळीवर ठरणार?" मला दोघांचंही पटत होतं. वाटणीचा हिशेब देवीवर टाकला तर हरलेला भाऊ भावावरही चिडेल आणि देवीवरही, आणि दुसरा राग जास्त टिकेल. दुसरीकडे, थोरल्याचा कोर्टावरचा विश्वास १६ मार्च २०१८ ला संपला होता. देवीच्या दारात ठरलेलं तो मोडणार नाही, हे मला माहीत होतं.

पाचवा पर्याय काहीच न करण्याचा. गोव्यातली निम्मी जुनी घरं याच पर्यायावर उभी आहेत, छप्पर कोसळेपर्यंत. इथे थकबाकी चढत होती, म्हणून तो बाद.

मी धाकट्याला म्हटलं, इन्व्हेंटरीचा अर्ज तयार ठेवतो, चवथ होऊन जाऊ दे. गणपतीही यंदा मूळ घरातच असू दे. तो कबूल झाला, पण नाराजीने : "फक्त आईसाठी. आणि जेवून लगेच निघणार."

काय झालं

चवथ ३१ ऑगस्टला होती. आदल्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट. मी तिथे नव्हतो. पुढचं बहिणीने सांगितलं, आणि नंतर दोघा भावांनीही, थोडंथोडं वेगळं.

माटोळीची लाकडी चौकट देवाच्या खोलीत आधी जमिनीवर असते. तिला नारळ, सुपारीचे घड, कवंडळं, घागऱ्या, आंबाडे, तोरिंजन, चिबूड असं सगळं कुमयाच्या सालीच्या दोरांनी बांधायचं आणि मग चौकट वर टांगायची. सामान बाजारात मिळतं, पण या घरात निम्मं रानातून येतं आणि ते कुठल्या झाडावर, कुठल्या वळणावर मिळतं ते थोरल्यालाच माहीत. त्याने दोन दिवस हिंडून सगळं आणलं होतं. बांधून झालं आणि चौकट वर घ्यायची वेळ आली. ती दोघांनी, दोन्ही टोकांना, एकाच वेळी उचलावी लागते. एक बाजू वर गेली की नारळ घसरतात आणि गाठी सुटतात. दुसरं टोक वडिलांचं. ते गेल्यापासून शेजारचा एक मुलगा धरायचा. त्या वर्षी तो बाहेरगावी गेला होता.

धाकटा शर्टाच्या बाह्या सरसावून स्टुलावर चढला. "थोडं खाली घे," थोरला म्हणाला. "तुझ्याकडचं वर आहे." धाकट्याने खाली घेतलं. चौकट अडकली, पण धाकट्याच्या बाजूचा सुपारीचा घड सुटून खाली पडला. त्याला कुमयाची गाठ येत नव्हती, त्याने साधी निरगाठ मारली होती. थोरल्याने खाली उतरून परत बांधून दिली. बोलणं एवढंच. पण धाकटा जेवून निघाला नाही, पाचही दिवस राहिला.

इथे गोष्ट संपवायचा मोह होतो. तिसऱ्या दिवशी रात्री आरतीनंतर घुमटं, म्हणजे आरतीला वाजवायची मातीची वाद्यं, अजून मांडीवर असतानाच कर्जावरून परत जुंपली. वाड्यावरची माणसं नेवऱ्या हातात घेऊन हळूच निघून गेली. धाकटा म्हणाला, बाबांची बागायत तू घालवलीस. थोरला म्हणाला, बाबांचं हगणंमुतणं मी काढलं, तू पर्वरीहून फळं घेऊन यायचास.

तेव्हा बहिणीने आरत्यांची वही आणली. वडिलांच्या अक्षरातली. पुढून आरत्या आणि माटोळीच्या सामानाची यादी, आणि वही उलटी धरली की मागून हिशेब. कागद वाया घालवणारा माणूस नव्हता तो. आरत्या वर्षानुवर्षं तीच वाचून दाखवायची, त्यामुळे मागची पानं तिने पूर्वीच पाहिली होती. त्यात थोरल्याच्या टिप्परांना दिलेले पैसे होते. २०११ साली धाकट्याच्या फ्लॅटच्या पहिल्या हप्त्याला दिलेले होते. तिच्या लग्नाचा खर्च होता. तीन रकमांत फार अंतर नव्हतं. धाकटा तो हप्ता विसरला होता, असं त्याचं म्हणणं. मला खरं वाटतं. घरून मिळालेला पैसा माणूस लवकर विसरतो.

त्या वहीने कायद्याने काही सिद्ध होत नव्हतं, पण "दादाने घालवलं" हे वाक्य त्यानंतर माझ्या ऑफिसात कुणी उच्चारलं नाही.

मग मी वाटणीपत्राचा मसुदा केला. बहीण हक्क सोडते असं त्यात गृहीत धरलं आणि तिच्या व तिच्या नवऱ्याच्या सहीची जागा आखून पेडण्याला पाठवला. तिचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. "मला कुणी विचारलंच नाही. सही कुठे करायची तेवढं सांगितलं. घरात शांती हवी म्हणून मी सोडायचं, आणि ती शांती या दोघांची."

पुढे बोलणं दोन महिने थांबलं. भाऊ दुखावले. "ताईला नवरा शिकवतोय," असंही झालं. आईने मला बोलावून घेतलं. मला वाटलं मुलीची समजूत घाला म्हणेल. तिने विचारलं, "माझ्या निम्म्यातलं मी कुणालाही देऊ शकते ना?" मी म्हटलं, काही मर्यादा पाळून, हो. "मग कुळागरातला विहिरीकडचा तुकडा तिच्या नावावर लिही. तिच्या हक्काचा आहे तो आधी दे, मग माझ्यातलं घाल." शेवटी तसंच झालं.

त्याच भेटीत मी जरा आगाऊपणाने विचारलं, काकी, एवढा जप करता, ही भांडणं मिटली नाहीत तर देवावरचा विश्वास उडत नाही? तिने माळ पदरात ठेवली. "यांची भांडणं मिटावीत म्हणून जप करत नाही रे. मला रात्री झोप यावी म्हणून करते. यांचे बाबा गेले तेव्हापासून. झोप येते." एवढं बोलून तिने माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला. घरात सगळ्यांना शांतता हवी होती आणि प्रत्येक जण ती दुसऱ्याने सही केल्यावर मिळेल म्हणून थांबला होता. आई थांबली नव्हती. म्हणूनच बहुधा तिला घाईही नव्हती, आणि मुलीचा वाटा दाबून प्रकरण उरकायची गरजही वाटली नाही.

थोरल्याबद्दल ऑक्टोबरमध्ये वहिनींचा फोन आला. जेवण तुटलं होतं, केबिनमधून उतरत नव्हते, एकदा नको ते बोलून गेले होते. मी बांबोळीला मनोविकार विभागात दाखवा म्हटलं. थोरल्याचा विरोध होता : देवीने आणलंय, देवी नेईल. भटजींनी, आईने समजावलं. आईचं वाक्य वहिनींनी सांगितलं : "उदबत्तीही लाव, गोळीही घे. देवीने डॉक्टर नको म्हणून कधी सांगितलं?" गोळ्या सुरू झाल्या. दोन-अडीच महिन्यांत तो रात्री घरात झोपायला लागला.

कौल शेवटी लावला, डिसेंबरात. वाटणीसाठी नव्हे. भटजी मुरलेले होते. म्हणाले, ज्याची दोन्ही उत्तरं दोघांना चालतील तेवढंच विचारा. दोघांनी मिळून विचारलं ते इतकंच : गणपती मूळ घरातच राहावा आणि खर्च पाळीने दोघांनी करावा, यात तुझी मर्जी आहे का? पाकळी लवकर पडेना. जवळजवळ तासभर सगळे सभामंडपात बसून. धाकट्याचा फोन दोनदा वाजला, तो कापला. मग उजवी पडली. धाकट्याचा पाकळीवर आजही विश्वास नाही. "पण दादाचा आहे," तो मला म्हणाला, "आणि दादाने शब्द पाळला तर मला पुरे."

निकाल

एप्रिल २०२३ मध्ये वाटणीपत्र झालं. सातही सह्या एकाच सकाळी. बागायतीचा एक भाग विकून बँकेशी एकरकमी तडजोड केली, उरलेली धाकट्याकडे. घराचा राहता भाग थोरल्याकडे. विहिरीकडचं कुळागर बहिणीकडे. आईचा तहहयात राहण्याचा हक्क वेगळा नोंदवला. देवाची खोली आणि राजांगण समाईक.

टिप्पर भंगारात गेला. तसबीर थोरल्याने काढून घेतली. तो आता शेजारच्या गावातल्या एका कुळागराची देखरेख करतो. कमाई जुन्या दिवसांच्या पावपट नाही, हे तो स्वतःच सांगतो. बहिणीचा नवरा अजून तुटक वागतो. चवथीला येतो, पण राहत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

बहिणीला पहिल्या आठवड्यात फोन करायला हवा होता. "ती काही मागणार नाही" हे भावाच्या तोंडून ऐकून मी मसुदा केला आणि त्याचे दोन महिने मोजले. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं, घरची शांती म्हणून बहिणीची सही, आणि तिला ओवाळणीची साडी. आता मी मुलीला, तिचा भाऊ समोर नसताना, भेटल्याशिवाय मसुदा लिहीत नाही.

थोरल्याची रोजची उदबत्ती मी जूनमध्ये पाहिली आणि डॉक्टरकडे तो ऑक्टोबरात गेला. बंद पडलेल्या गाडीची पूजा करणारा, रात्री तिथेच झोपणारा माणूस श्रद्धाळू आहे एवढ्यावर मी थांबायला नको होतं. वहिनींना दोन प्रश्न जास्त विचारले असते तर तेव्हाच कळलं असतं.

आणखी एक. मी धाकट्याचा वकील, आणि मध्यस्थीही मीच करत होतो. थोरल्याला आणि बहिणीला वेगळा वकील बघा म्हणून सांगितलं ते मसुदा फिसकटल्यावर. ते पहिल्या रविवारीच सांगायचं होतं. विश्वास टिकला तो आईमुळे, माझ्यामुळे नाही.

समाईक खोलीबद्दल अजून मन घट्ट होत नाही. वकील म्हणून मला ते कलम आवडत नाही. आज त्या खोलीला सात सह्या लागतात, पुढच्या पिढीत डझनभर लागतील, आणि त्यातला एक तरी तेव्हा पोर्तुगालात असेल. सह्यांच्या दिवसाआधी मी हे आईला बोटं मोजून सांगितलं. ती म्हणाली, "तेव्हाचं ते बघतील. आधी पोरांना कुमयाची गाठ शिकव म्हणावं दादाला."

कलम तसंच ठेवलं.